तुतारी नऊ सेकंदांत

...आणि वर मलाच विचारतात, तू नेमकं केलंस तरी काय? काय केलं म्हणजे? फायली जागेवर ठेवल्या. मी फक्त फायली जागेवर ठेवल्या. चोरी केली नाही, कुणाची पोरगी पळवली नाही, कुणाच्या बांधावर नांगर घातला नाही. आता तुम्हीच सांगा, एखाद्यानं घरातल्या मांडणीवर भांडी नीट लावली, वाट्यांत वाट्या, ताटांत ताटं, तर त्याला भर मांडवात उभं करून "लग्नाचा इस्कोट केला यानं" असं कोणी म्हणतं का? मला म्हणाले. चौदाशे माणसांत. त्यातली हजारभर तर जेवत होती, तरी म्हणाले.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीपण आमच्या गावासारखं अर्धं ऐकून निकाल द्याल.

तर आमच्या तात्यांची बँजो पार्टी आहे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, मच्छिंद्र. सुप्यापासून इकडं पारनेरपर्यंत कुठंही लग्न म्हटलं की "मच्छिंद्र म्युझिकल बँजो". एक पिकअप, पिकअपवर स्पीकरची भिंत, भिंतीच्या मधोमध कीबोर्ड आणि कीबोर्डामागं तात्या, काळा गॉगल लावून. नावात बँजो आहे म्हणून विचारू नका, बँजो घरात खुंटीला आहे आणि काकू त्याच्यावर मोबाईलचा चार्जर अडकवतात. आता सगळं काम कीबोर्ड आणि लॅपटॉपचं. कीबोर्डाची पट्टी दाबली की लॅपटॉपमधून तुतारी वाजते, सनई वाजते, संबळ, हलगी. खरी, बरं का. खऱ्या माणसानं वाजवलेली. एका सुराची एक फाईल, असे एकशे चाळीस सूर तात्यांनी आठ वर्षांपूर्वी गावोगाव हिंडून, चांगले वाजवणारे हुडकून, त्यांच्या दारात बसून रेकॉर्ड केलेत. ही एक गोष्ट मी त्यांची मानतो. दुसरी अजून सापडायचीय.

आणि मी? मी अमृत. कॉम्प्युटरचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला? जे सर आम्हाला कॉम्प्युटर शिकवायचे त्यांना स्वतःचा प्रिंटर जोडता येत नव्हता, मी ते तोंडावर बोललो, त्यांनी मला बाहेर काढलं, मी आत गेलोच नाही. तेव्हापासून आमच्या घरात काय चाललंय ऐका. मी जेवायला बसलो की आमचे वडील, म्हणजे आप्पा, ताटातल्या भाकरीकडं बघून म्हणतात, "सुप्याला कंपनीत हेल्पर घेत्यात." भाकरीला सांगतात. मला नाही. दीड वर्ष झालं, माझ्याबद्दलचं सगळं ते भाकरीशीच बोलतात.

तर लॅपटॉपचं दुखणं असं, की तो एका वेळी एकच सेट पोटात धरायचा. वरातीचा सेट वेगळा, अक्षतांचा वेगळा. नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत मांडवात येईपर्यंत वरातीचा चालणार, तो स्टेजवर चढला की वरातीचा काढायचा आणि अक्षतांचा भरायचा. आणि हे भरायला वेळ किती लागावा? चार मिनिटं बावीस सेकंद. मी मोजलाय, मोबाईल हातात धरून, एका नाही, सात लग्नांत. चार मिनिटांत माणूस पारनेरच्या एसटीची चौकशी करून, ती रद्द झाल्याचं ऐकून परत येतो.

तात्यांना हे दुखणं वाटायचंच नाही. ते म्हणायचे, मशीन लोड घेतंय. आम्ही पोरं म्हणतो ना, लोड घेऊ नको, म्हणजे उगाच टेन्शन घेऊ नको, तसला लोड नाही. तात्यांच्या डोक्यात लोड म्हणजे विहिरीवरची मोटर. मोटर चालू केली की आधी घुमते, मग जोर धरते, मग पाणी ओढते. तसंच हे. लॅपटॉपचा पंखा घूं करायला लागला की तात्या गॉगलातून मान हलवायचे, "घेतंय, घेतंय," म्हणायचे, म्हैस पान्हा सोडतेय अशा मायेनं.

मग ह्या चार मिनिटं बावीस सेकंदांवर त्यांनी इलाज काय काढला? मंगलाष्टका. नीट ऐका हं, सगळं इथंच आहे. गुरुजींनी पहिली मंगलाष्टक उचलली की तात्या बटण दाबणार. इकडं मंगलाष्टका चालू, तिकडं लोड चालू. दोन-तीन गुरुजी म्हणणार, मग माईक बायकांकडं, अशा पाच मंगलाष्टका होईपर्यंत मशीन भरून तयार. आता ते भरलं हे तात्यांना कळावं कसं? जवळचं दिसत नाही, चष्मा लावायचा तर गॉगल काढावा लागतो, आणि गॉगल काढलेला बँजोवाला म्हणजे काय, कुणीही. म्हणून त्यांनी कुण्या कॉम्प्युटरवाल्याकडून मशीनमध्ये एक खूण करून घेतलेली, की लोड पुरा झाला की तुतारीचा एक लांब सूर आपोआप वाजवायचा. तुतारी वाजली, तात्या समजले. मग हळूहळू गुरुजीपण समजले. पाच मंगलाष्टका झाल्या आणि तुतारी नाही, तर गुरुजी सहावी उचलायचे. सहावी संपली तर बायकांच्या हातात पुन्हा माईक द्यायचे. तुतारी वाजली की "सावधान" आणि अक्षता. आठ वर्षं चाललंय. पंचांगात मुहूर्त काहीही असो, आमच्या भागात लग्न लागतं ते तात्यांची हार्डडिस्क म्हणेल तेव्हा. हे कुणाला ठाऊक? तात्यांना, गुरुजींना आणि मला. बाकी पब्लिकला वाटतं, तुतारी म्हणजेच मुहूर्त.

एवढं समजलं ना? मग पुढं.

एका दुपारी मी ती हार्डडिस्क उघडली. आणि तुम्हाला सांगतो, मला उकिरडा बरा वाटला. एकच फोल्डर, नाव न्यू फोल्डर. आत नऊ हजार आठशे फायली. त्यात आणखी एक न्यू फोल्डर, त्याच्यात त्याच नऊ हजारांतल्या निम्म्या पुन्हा. तुतारी. तुतारी दोन. तुतारी नवी. तुतारी एकदम नवी. तुतारी हीच. तुतारी हीच खरी. सहाही मी कान लावून ऐकल्या, सहाही एकच, एकाच माणसाचा एकच दम. संबळाच्या शेजारी काकूंचं गॅसवाल्याशी भांडण. हलग्यांच्या मध्ये म्हैस व्यालेला व्हिडिओ. आणि सरपंचांचं झेंडावंदनाचं भाषण, बावीस मिनिटांचं. ते कोण वाजवणार होतं? कुठल्या लग्नात?

आता मशीननं बिचाऱ्यानं करावं काय? त्याला हवेत एकशे चाळीस सूर आणि ते कुठं ठेवलेत हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ते दर लग्नाला ह्या ढिगात हात घालायचं आणि एकेक उचलून बघायचं. ही सनई का? नाही, ही म्हैस. मग ही सनई का? नाही, हे सरपंच. बरं मग ही? हा गॅसवाला. आणि तिकडं स्टेजवर नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घाम पुसत उभी.

बरं, सापडला सूर, तरी त्याच्या आधी काय? तात्यांचा आवाज. "हां, घे." वाजवणाऱ्याला सांगायचे ना, हां, घे. मग तीन-चार सेकंद काहीच नाही, मग एखादा कावळा, मग सूर. वाजवताना मशीन पुढचा सूर तेवढा वाजवायचं, पण भरताना सगळंच भरायचं. म्हणजे आमच्या भागात एकेक लग्न एकशे चाळीस "हां, घे" आणि पंचवीस-तीस कावळे लोड करून लागत होतं.

ह्या "हां, घे"चं एक आहे. तात्या ते कुणालाही म्हणत नाहीत. ज्याचा हात मनात भरला त्यालाच म्हणतात, आणि मग त्याच्यापुढं मान खाली घालून ऐकतात. मला कधी म्हणाले नव्हते. मला म्हणायचे, "वायर धर." असो.

तीन दिवस लागले. काय केलं म्हणता? मी फक्त फायली जागेवर ठेवल्या. तुतारी तुतारीच्या फोल्डरात, सनई सनईच्या. एकाच्या सहा होत्या त्यातल्या पाच काढल्या. म्हैस, सरपंच आणि गॅसवाला वेगळे नेऊन बांधले. प्रत्येक सुराच्या पुढचं "हां, घे" आणि कावळा कापला, सूर सुरापासून सुरू केला. कापलेले "हां, घे" फेकले नाहीत, त्यांचंपण एक फोल्डर केलं, का केलं मला विचारू नका. लोंबत्या वायरीची ती जुनी हार्डडिस्क काढली आणि माझ्या कॉलेजच्या लॅपटॉपमधली फास्टवाली डिस्क आत बसवली, तसाही तो लॅपटॉप आता आप्पांना टोमणा मारण्यापुरताच उरला होता. मग मशीनला एकदाच एकेक सूर कुठं आहे ते दाखवलं आणि तसाच सेट सेव्ह केला. झालं. आता शोधायचं काही नाही, सरळ जायचं आणि उचलायचं. बटण दाबलं. तुतारी.

नऊ सेकंद.

मी पुन्हा दाबलं. नऊ सेकंद. तात्यांना बोलावलं, दाबून दाखवलं. तुम्हाला काय वाटतं, म्हातारा खूश झाला? तोंड असं केलं, की जसा मी त्यांना न शिजलेला भात वाढला.

"एवढ्यात?" म्हणाले. "कच्चं ऱ्हायलं आसंल."

कच्चं कसं राहील? फायली आहेत, तात्या, डाळ नाही. तर म्हणतात, घाईनं घेतलेला लोड टिकत न्हाई, बाराच्या उन्हात खाली बसंल. पंखा वाजला न्हाई, म्हणाले. मी म्हटलं वाजायला वेळच मिळाला नाही त्याला. तर म्हणाले, तेच म्हन्तोय मी. आता ह्याच्यावर तुम्ही काय बोलणार?

त्यात आप्पा आले. भाकरी नव्हती समोर, म्हणून स्पीकरशी बोलले. ठेकेदाराला फोटो दिलाय म्हणाले, आधारची झेरॉक्स दिलीय, सोमवारपासून हजर व्हायचंय. मग दोघा भावांनी माझ्या देखत माझा निकाल लावला, बैल बाजारात नेऊन बोलतात तसा. तात्या म्हणाले, रविवारी आबासाहेबाच्या पोरीचं लग्न हाय. त्यात ह्याचं मशीन वाजू दे. येळंवर वाजलं तर बसंल माझ्या शेजारी कीबोर्डाला. न्हाई वाजलं तर सोमवारी सुपा. आणि बटण? बटण मात्र मी दाबणार. आठ वर्षं मीच दाबलंय.

मी एकच गोष्ट सांगितली. तुम्ही साक्षीला राहा, मी सांगितली होती. "तात्या, आता पहिल्या मंगलाष्टकेला दाबायचं नाही. सगळ्या होऊ द्या, शेवटचीला दाबा. नऊ सेकंदांत वाजेल."

"व्हय," म्हणाले.

"पहिलीला नाही."

"व्हय, व्हय."

आता तात्यांचं एकदा व्हय म्हणजे ऐकलं नाही, आणि दोनदा व्हय म्हणजे ऐकलं पण तू गप बस. हे मला बावीस वर्षांत कळायला नको होतं का? कळलं होतं. पण करता काय, बटण त्यांचं.

रविवार. आबासाहेब आमच्या गल्लीतलेच. पोरीचं नाव संस्कृती. नवरदेव सावेडीचा, शहरातला, पाहुणे सगळे फ्लॅटातले, आल्या आल्या घड्याळ बघणारे. आणि आबासाहेबांच्या बहीण लंकाबाई. त्यांची ओळख करून द्यायला पाहिजे. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडं. संस्कृतीला जन्मापासून यांनीच सांभाळलं, कारण आईवडील दोघंही दिवसभर गाईंच्या मागं. गावातल्या प्रत्येक पोरीच्या लग्नात मंगलाष्टका म्हणणार त्या लंकाबाईच, आणि स्वतः रचणार. संस्कृतीच्या लग्नाची अकरा कडवी महिनाभर लिहीत होत्या, डेअरीच्या पावत्यांच्या मागच्या बाजूला. मला दोनदा वाचून दाखवलेली, कुठं अडखळतं का बघ म्हणून. खरं सांगू, अडखळत होतं. मी नाही म्हटलं. आयुष्यात मी एवढं एकदाच खोटं बोललोय.

मुहूर्त बारा छत्तीसचा. बारा एकतीसला नवरदेव स्टेजवर. अंतरपाट धरला. मी वरातीचा सेट काढला आणि खाली उतरून स्पीकरची वायर बघायला गेलो. कारण? "वायर धर." गुरुजींनी माईक हातात घेतला, दोनदा फुंकला, सगळ्यांनी शांत राहा म्हणाले. आणि तात्यांनी काय केलं असेल? पहिल्या मंगलाष्टकेला दाबलं? नाही. त्याच्याही आधी दाबलं. नंतर मला म्हणतात, "नवं हाय, म्हटलं जरा आगुदर देऊ, शेफ साईड."

मी वायर धरून वर बघतोय, तर तात्यांचं बोट बटणावरून उठलेलं. मनात मोजायला लागलो. दुसरं काय करणार? गुरुजींनी गणपतीचं नाव घ्यायला सुरुवात केली, चार सेकंद. एक बाई पोराला गप बस म्हणाली, सहा. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याची बॅटरी काढली, त्याचा हिशेब बरोबर होता बिचाऱ्याचा, त्याला चार मिनिटं असतात. आठ. आणि नऊ.

तुतारी.

काय आवाज होता, तुम्हाला सांगतो. सूर असा सरळ वर गेला की मांडवाच्या कापडावरचं कबुतर उडालं. ना खरखर, ना कावळा. तात्यांच्या सगळ्या जन्मात अशी तुतारी वाजली नव्हती. आणि चौदाशे माणसांनी, एकानं सुद्धा विचार न करता, मुठी उघडल्या. सगळ्या अक्षता एकदम. चार-पाच वेळा टाकायच्या म्हणून जपून धरलेल्या, त्या सगळ्याच्या सगळ्या. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी अंतरपाट सोडला. संस्कृती दचकली आणि हातातला हार तिनं नवरदेवाच्या गळ्यात घातला, त्यानंपण घातला. तात्यांचे हात आठ वर्षांच्या सवयीनं कीबोर्डावर पडले, सनई, संबळ, हलगी, जोरात. गुरुजींचं तोंड गणपतीच्या नावावर उघडंच राहिलं. आणि पब्लिक उठून जेवायला गेलं.

झालं लग्न. सगळं मिळून अर्धं मिनिट. नवरदेवाची आई शेजारणीला म्हणाली, किती आटोपशीर ना? सावेडीत तेवढंच पाहिजे असतं.

मग काय, जमली आमची म्हातारी मंडळी स्टेजच्या कडेला. आबासाहेब, आप्पा, दोन्हीकडचे मामा. ज्यांना मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही ते सगळे मशीनवर बोलायला लागले. एक म्हणाला, व्हायरस आसंल. दुसरा म्हणाला, हे शिकलेलं अर्धवट पोरगं, ह्यानं आत कायतरी घातलं. अहो घातलं नाही, काढलं. आबासाहेब म्हणाले, "माझ्या संस्कृतीचा खेळ केला तुमी." आणि आप्पा, दीड वर्षानंतर थेट माझ्या तोंडाकडं बघून काय बोलले माहितीय? "लग्नाचा इस्कोट केला यानं." म्हणजे माझ्याकडं बघून, पण दुसऱ्यालाच. आणि तात्या? ज्यांनी बटण दाबलं ते? ते गॉगल पुसत होते.

गुरुजींना विचारलं, आता हे लग्न धरायचं का नाही? गुरुजींनी घड्याळ बघितलं, हार बघितले, जेवणाच्या मंडपाकडं बघितलं. म्हणाले, "लग्न झालंय. पण लागलं नाही."

म्हणजे काय? हार पडले म्हणून झालं, आणि मुहूर्त यायचाय म्हणून लागलं नाही. आता हे पोरीनं ऐकलं, ती रडायला लागली. एवढा वेळ तिला तरी वाटत होतं की आपलं आवरलं.

आणि तेवढ्यात लंकाबाई आल्या. त्या मंडळींकडं गेल्याच नाहीत, थेट पिकअपपाशी माझ्याकडं आल्या. हातात पावत्या, एकाखाली एक लावून पिन मारलेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांना उत्तर देता येतं. त्यांनी विचारलं, "अमृत, ह्ये आता कुठं म्हनू रं मी?"

मी फक्त फायली जागेवर ठेवल्या होत्या, पण लंकाबाईंची जागा त्या चार मिनिटं बावीस सेकंदांत होती आणि ती मी पुसली, हे तिथं उन्हात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं. तात्यांनी चुकीच्या वेळी बटण दाबलं हे खरं. तरी आलं.

मग मी स्टेजकडं गेलो. गेलो आणि बोललो, आणि नेहमीसारखाच बोललो. म्हटलं, बारा तेहतीस झालेत. मुहूर्त बारा छत्तीसला आहे ना? मग निकाल कसले देत बसलाय, अंतरपाट धरा की परत. हार काढा. लंकाआत्याला माईक द्या. मशीन भरलेलं आहे, तुतारी मी हातानं वाजवतो, त्यांचं संपेल तेव्हा, आधी नाही.

आप्पा काहीतरी बोलणार होते, भाकरी शोधत होते बहुतेक. पण गुरुजी म्हणाले, पोरगं बरोबर बोलतंय. पटलं म्हणून नाही, दुसरं कुणाला काही सुचत नव्हतं म्हणून.

धरला अंतरपाट. चौदाशेतले साठ-सत्तर परत आले, काही हातात जिलबी घेऊन. अक्षता संपलेल्या, मग आचाऱ्यानं परातीत तांदूळ आणून वाटले, नुसते पांढरे, हळद-कुंकू नाही. गुरुजींनी एकच म्हटली आणि माईक दिला. लंकाबाई उभ्या राहिल्या. पावत्या धरल्या होत्या, पण त्यांच्याकडं बघितलं नाही, पाठ होतं सगळं. अकराच्या अकरा कडवी. त्यात सगळी भावकी, दोन्ही मामा, संस्कृतीनं लहानपणी पाळलेली शेळी, मांडववाला, आचारी आणि शेवटच्या कडव्यात वाजवणारे. तात्यांचं नाव होतं. माझंपण होतं, तात्यांच्या आधी, यमक जुळवायला. सातव्याला अडखळलंच, मी म्हटलं नव्हतं का? पण तिथं त्या रडत होत्या, त्यामुळं कुणाला कळलं नाही. आबासाहेब जमिनीकडं बघत उभे. जेवणारे ताटं घेऊन मांडवाच्या कडेला येऊन थांबले.

मी पिकअपवर तात्यांच्या शेजारी उभा होतो. तुतारीची पट्टी तात्यांच्या बोटाखाली. म्हटलं आता हे काय करणार, मध्येच दाबणार का? अकरावं कडवं संपलं. गुरुजींनी "सावधान" म्हटलं. तात्यांनी बोट उचललं, हात मागं घेतला, माझ्याकडं न बघता मान खाली घातली.

"हां, घे," म्हणाले.

मी घेतली. तुतारी.

लागलं लग्न. कुणी म्हणेल बारा चाळीसला, मुहूर्त टळून. मी म्हणतो, बरोबर वेळेला.

तुम्हाला वाटलं असेल, संपलं. आता तात्या शहाणे झाले, गाव शहाणं झालं. थांबा. सोमवारी सकाळी तात्या दारात. माझी सुप्याची पिशवी भरलेली, आईनं डबा दिलेला. तात्या आप्पांना म्हणाले, सुपा-बिपा काय न्हाई, हा माझ्याकडं बसंल. मी पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आता जसं हुतं तसं कर."

म्हटलं, काय?

"चार मिन्टं बावीस शेकंद. गुरुजींचा फोन आल्ता. लंकाबाईचा निरोप हाय. चार गावच्या बायका इचारत्यात, आमी म्हनायचं कवा? लई फास चांगलं न्हाई. आन हळू करायला बी तूच लागनार, मला काय येतंय त्यातलं."

म्हणजे बघा. फास्ट केलं म्हणून सुप्याला चाललो होतो, आणि स्लो करता येतं म्हणून राहिलो. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं प्रमोशन मिळतं?

फायली काही मी परत विस्कटल्या नाहीत. तेवढा मी पडलेला नाही. नऊ सेकंदांत सगळं भरतं तसंच भरतं. त्याच्यापुढं मी चार मिनिटं तेरा सेकंदांची एक मोकळी फाईल लावली, नुसती शांतता, आणि तिच्या शेवटी तुतारी. बेरीज करून बघा, बरोबर येते. पण पहिल्याच लग्नात तात्या बटण दाबून कासावीस. पंखा वाजंना म्हणाले, लोड घेत न्हाई वाटतं. आता पंखा कसा वाजेल, नऊ सेकंदांनंतर मशीनला कामच नाही. मग मी काय केलं? जुनी हार्डडिस्क काढली, लोंबत्या वायरीनं जोडली, न्यू फोल्डर उघडायला लावला, आणि त्या वेळचा पंख्याचा आवाज रेकॉर्ड केला. तात्यांच्या पायापाशी छोटा स्पीकर असतो, त्यांच्यापुरता, त्यातनं तो वाजवतो.

आता मी त्यांच्या शेजारी बसतो. पहिल्या मंगलाष्टकेला ते बटण दाबतात. खाली घूं सुरू होतं. तात्या गॉगलातून मान हलवतात आणि मला शिकवतात, "बघ, आता कसं दमानं लोड घेतंय."

"व्हय, व्हय," मी म्हणतो. दोनदा.

फाईलचं नाव "लोड". जागेवर ठेवलीय.